इतिवृत्त

दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला
कर्लिंग क्लबच्या मागच्या खोलीत
ऑरेस्ट पितळी घंटी वाजवतो. एकदाच, जरा दबकत.
भिंतीपलीकडे बर्फावरून दगड सरकत असतात,
शेजारी कुणी जड कपाट हलवत असावं तसा आवाज.

मी चिटणीस. एकोणीस वर्षं.
त्याआधी धान्याच्या एलिव्हेटरवर वजनं लिहायचे:
ट्रक भरलेला, ट्रक रिकामा, मधला फरक तो गहू.

उपस्थिती अकरा. बाहेर उणे एकतीस.
तापमान इतिवृत्तात घेत नाहीत,
मी समासात टिपून ठेवते,
न आलेल्यांवर पुढे कुणी ठपका ठेवू नये म्हणून.

विषय पहिला. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम.

विषय दुसरा. जुने चष्मे.
वाणसामानाच्या दुकानातल्या पेटीत या महिन्यात चौतीस.
ग्वेंडा ते साबणाच्या पाण्यात धुते,
काड्या मिटून बुटांच्या खोक्यात लावते.
एकाची काडी निळ्या दोऱ्याने बांधलेली होती.
"हा स्टेफकाचा," कुणीतरी म्हणालं.
खोकं हातोहात पुढे गेलं.
लिहिलं: चौतीस.

विषय तिसरा. मार्चमधली पॅनकेकची न्याहारी.
रोवेना नवी, फिलिपिन्सची, वृद्धाश्रमात रात्रपाळीची नर्स.
तिने विचारलं, सोबत लसणीचा भात केला तर?
साठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
पाच विरुद्ध पाच.
ऑरेस्टने अध्यक्षाचं मत भाताला दिलं
आणि स्वतःच दचकला.

विषय चौथा. वाहतूक.
मंगळ, गुरू, शनी. डायलिसिस. शहर एकशे चाळीस किलोमीटर.
रुग्ण: हार्वी लिंडगार्ड.

हार्वी एके काळी आमचाच.
सव्वीस वर्षांपूर्वी याच खोलीतून तरातरा निघून गेला,
पॅनकेकच्या मोठ्या तव्यावरून,
तो वाकडा कुणी केला, त्याने की ऑरेस्टने.
जुन्या वहीत एवढंच आहे:
तव्याबाबत चर्चा. एक राजीनामा.

या हिवाळ्यात गुरुवारची रांग रिकामी राहिली,
तेव्हा ऑरेस्टने पेन मागून घेतलं.
"बोललंच पाहिजे असं नाही ना?" एवढं विचारलं
आणि नाव लिहिलं.
सहा गुरुवार दोघे बोलले नाहीत.
सातव्या गुरुवारी रस्त्यात कोल्हा आडवा गेला.
"कोल्हा," हार्वी म्हणाला.
"दिसला," ऑरेस्ट म्हणाला.
हे मला रोवेनाकडून कळलं, तिला हार्वीकडून.

आज ऑरेस्ट उभा राहिला.
"पुढच्या गुरुवारपासून दुसऱ्या कुणाला द्या."
पलीकडे दगडावर दगड आदळला.
"का?"
"येताना डोळा लागला नाही की तव्याचं काढतो.
म्हणतो, कारखान्यातूनच वाकडा आला होता.
एकशे चाळीस किलोमीटर, आणि मला उत्तर सुचत नाही."

दंडाचा डबा डेल्फिनकडे असतो.
टोपी काढली नाही, दंड. नातू झाला, दंड.
ती डबा खुळखुळवत आली:
तक्रार केल्याचा एक डॉलर,
करताना हसू दाबल्याचा आणखी एक.
ऑरेस्टने दोन्ही भरले.
कोट चढवताना मला हळूच म्हणाला,
"गुरुवारी पहाटे किती असेल?"
"उणे चौतीस."
"मग इंजिनची वायर रात्रीच लावून ठेवायला हवी."

लिहिलं: वाहतुकीबाबत चर्चा. बदल नाही.
अंतर दोनशे ऐंशी. पेट्रोलखर्चाची मागणी नाही.

सगळे गेल्यावर मी शेगडीखालून तवा ओढून काढला,
टेबलावर ठेवला, एका बोटाने दाबला.
डुगडुगला.
कप विसळता विसळता रोवेनाने मान वळवून पाहिलं.
"भाताला बरा," ती म्हणाली, "मधोमध गोळा होईल."

सभा संपली. आठ वाजून दहा मिनिटे.